प्रार्थनेच्या पायावर उभे राहिलेले केडगाव

दुष्काळातल्या अनाथ मुली, बालविधवा आणि समाजाने टाकलेल्या स्त्रिया यांच्यासाठी पंडिता रमाबाईंनी उभारलेले ‘मुक्ती सदन’ म्हणजे ख्रिस्ती श्रद्धेची एक प्रयोगशाळाच. तेथे प्रार्थना हा दिवसातला एक विधी नव्हता. घराचा सगळा कारभारच प्रार्थनेवर चालत होता.

पुण्याहून दौंडकडे जाणारी गाडी हडपसर, लोणी, उरुळी, यवत अशी एकेक स्थानके मागे टाकत सुमारे साठ किलोमीटरवर केडगावला थांबते. दोन्ही बाजूंना उसाचे मळे, मधूनच विहिरी, बाभळी आणि दूरवर पसरलेले सपाट रान. लांब पल्ल्याच्या बहुतेक गाड्या येथे न थांबताच पुढे निघून जातात. खिडकीतून पाहणाऱ्या प्रवाशाला हे स्थानक इतर दहा स्थानकांसारखेच वाटते.

तरीही या छोट्या स्थानकावर दोन वेगवेगळ्या वाटांचे भाविक वर्षानुवर्षे उतरत आले आहेत. एक वाट बेटाकडे जाते. सद्गुरू नारायण महाराजांचे दत्तस्थान तेथे आहे आणि दत्तभक्तांची तेथे नित्य ये-जा असते. दुसरी वाट जाते मुक्ती मिशनकडे. एकीकडे दत्तनामाचा गजर, तर दुसरीकडे ख्रिस्ताच्या नावाने होणारी उपासना. एकाच मातीत या दोन्ही श्रद्धा एकमेकींच्या शेजारी नांदल्या. त्यातली दुसरी वाट एका विलक्षण स्त्रीच्या पावलांनी पडलेली आहे.

तीर्थयात्रेत वाढलेली मुलगी

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा, पश्चिम घाटातल्या गंगामूळच्या रानातला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे विद्वान आणि तितकेच हट्टी. बायकांना संस्कृत शिकवू नये हे मत त्यांनी मानले नाही. त्यांनी पत्नी लक्ष्मीबाईंना शिकवले आणि लक्ष्मीबाईंनी पुढे रमाला. हे कुटुंब पुराणे सांगत, तीर्थे करत देशभर पायी फिरले. लहानग्या रमेला भागवताचे हजारो श्लोक मुखोद्गत होते.

मग दक्षिणेत दुष्काळ पडला. व्रते, उपास, दाने, देवदर्शने सगळे यथासांग चालू असतानाच घरातले अन्न संपले. वडील गेले, आई गेली, थोरली बहीणही गेली. उरली रमा आणि तिचा भाऊ श्रीनिवास. ही दोन भावंडे अर्धपोटी चालत चालत १८७८ मध्ये कलकत्त्याला पोचली. तेथल्या पंडितांनी या वीस वर्षांच्या मुलीची परीक्षा घेतली आणि तिला ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. ज्यांच्या पोटात अन्न नव्हते, त्यांच्या घरातल्या विद्येचा हा केवढा गौरव! पण मोठ्या श्रद्धेने केलेली आई-वडिलांची प्रार्थना कोठे गेली, हा प्रश्न मुलीच्या मनात रुतून बसला तो बसलाच. पुढच्या साऱ्या आयुष्यात ती त्याचेच उत्तर शोधत राहिली असे म्हणता येईल.

ख्रिस्ती लोकांची प्रार्थना रमाबाईंनी पहिल्यांदा पाहिली ती कलकत्त्यातच. एका मेळाव्याला ही भावंडे गेली होती. तेथली मंडळी खुर्च्यांकडे तोंड करून गुडघे टेकून बसली. समोर मूर्ती नाही, फूल नाही, दिवा नाही. ही माणसे खुर्च्यांचीच पूजा करतात की काय, असे आपल्याला तेव्हा वाटले होते, ही आठवण रमाबाईंनी पुढे आपल्या आत्मनिवेदनात मोकळेपणाने लिहून ठेवली आहे.

धर्म मिळाला, पण...

पुढच्या चार-पाच वर्षांत रमाबाईंवर एकामागून एक आघात झाले. भाऊ वारला. बंगाली वकील बिपिनबिहारी दास मेधावी यांच्याशी १८८० मध्ये लग्न झाले. मुलगी मनोरमा वर्षाचीही झाली नव्हती, तोच फेब्रुवारी १८८२ मध्ये पटकीने पती गेले. पतीच्या ग्रंथसंग्रहात सापडलेले लूकच्या शुभवर्तमानाचे एक बंगाली पुस्तक तेवढे रमाबाईंच्या हाती राहिले. त्याच वर्षी त्या पुण्याला आल्या. तेथे त्यांनी आर्य महिला समाज काढला आणि ‘स्त्रीधर्मनीति’ लिहिली. १८८३ मध्ये वैद्यकीय शिक्षणाच्या हेतूने त्या इंग्लंडला गेल्या.

तेथे वाँटेज गावी जोगिणींच्या मठात त्या राहिल्या. या जोगिणी लंडनमध्ये ‘पतित’ म्हणून हिणवल्या गेलेल्या स्त्रियांसाठी एक आश्रयगृह चालवत. ज्या बायकांकडे पाहणेही पाप मानले जाई, त्यांना तेथे मायेने जवळ घेतले जात होते. हे दृश्य रमाबाईंच्या मनावर कोरले गेले. या दयेचा उगम कोठे आहे हे त्या शोधू लागल्या आणि २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला.

मात्र धर्म बदलला म्हणून रमाबाईंनी आपली बुद्धी कोणाच्या स्वाधीन केली नाही. त्या शाकाहारीच राहिल्या. लुगडे सोडले नाही. गळ्यात घालायच्या क्रुसावर लॅटिन अक्षरे होती. आपल्याला न समजणाऱ्या भाषेतले शब्द आपण का मिरवायचे, संस्कृत का नको, असा वाद त्यांनी सिस्टर जेराल्डिन यांच्याशी पत्रांतून घातला. एका पुरोहितशाहीतून सुटून दुसरीच्या जाळ्यात शिरायचे नाही, हा त्यांचा बाणा होता.

आणि तरीही काहीतरी राहून गेलेच होते. बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी त्यांना उमगले की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, पण ख्रिस्त मिळाला नाही. सिद्धान्त पटले होते, नियम पाळले जात होते, परंतु ज्याच्याशी बोलायचे तो अजून दूरच होता. ख्रिस्ती भाविकाच्या जीवनातले प्रार्थनेचे स्थान समजून घ्यायचे तर हा फरक ध्यानात घ्यावा लागतो. त्याच्या दृष्टीने प्रार्थना म्हणजे ठरावीक शब्दांचे पठण एवढेच नव्हे. लेकराने बापाशी बोलावे तसे ते बोलणे असते. त्यात स्तुती असते, आभार असतात, आपल्या चुकांची कबुली असते, मागणे असते आणि दुसऱ्यासाठी केलेली रदबदलीही असते. येशूने शिष्यांना शिकवलेल्या प्रार्थनेत तर आजच्या दिवसापुरती भाकरही मागितलेली आहे. उद्याची नव्हे, आजची! ज्या घरात दुष्काळाने माणसे गेली, त्या घरातल्या मुलीला या मागण्याचा अर्थ कोणी वेगळा समजावून सांगण्याची गरज नव्हती.

उघडे दार आणि उठलेले वादळ

आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या त्या पदवीदान समारंभासाठी १८८६ मध्ये रमाबाई अमेरिकेला गेल्या. तेथे त्यांनी उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या दुःस्थितीवर इंग्रजीत पुस्तक लिहिले आणि गावोगाव व्याख्याने दिली. बोस्टनमध्ये ‘रमाबाई असोसिएशन’ स्थापन झाली आणि दहा वर्षे मदत देण्याचे तिने कबूल केले. त्या बळावर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत ‘शारदा सदन’ उघडले. पुढच्या वर्षी ते पुण्यात आले. विधवांना शिक्षण द्यायचे, त्यांच्या धर्मात ढवळाढवळ करायची नाही, अशी बोली होती. न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर यांच्यासारखी माणसे सल्लागार मंडळात होती. धोंडो केशव कर्वे यांच्याशी १८९३ मध्ये विवाह करणाऱ्या गोदूबाई याच सदनाच्या पहिल्या विद्यार्थिनींपैकी एक.

रमाबाई रोज सकाळी आपल्या खोलीत मनोरमेसह प्रार्थना करत. दार उघडे असे. काही मुली आपण होऊन आत येऊन बसू लागल्या. रमाबाईंनी त्यांना बोलावले नाही, तसे हाकललेही नाही. येथेच ठिणगी पडली. ‘केसरी’ने टीकेची झोड उठवली. मुलींना बाटवण्याचाच हा डाव आहे, असा आरोप झाला. रानडे-भांडारकरांनी सल्लागारपद सोडले आणि १८९३ मध्ये वीस-पंचवीस मुलींना त्यांच्या घरच्यांनी काढून नेले.

या वादाला दोन बाजू होत्या, हे आज शांतपणे मान्य करता येते. ज्यांनी लोकनिंदा सोसून आपल्या लेकीसुना सदनात धाडल्या होत्या, त्यांना फसवणूक झाल्यासारखे वाटले यात नवल नाही. दुसरीकडे, आपल्याच घरात आपल्या देवाची प्रार्थना दार लावून का करायची, हा रमाबाईंचा सवालही खोटा नव्हता. त्या मागे हटल्या नाहीत. पण किंमत मोठी मोजावी लागली. ज्या पुण्याने त्यांना डोक्यावर घेतले होते, त्याच पुण्यात त्या एकट्या पडल्या.

पंधराचा वर्ग

अमेरिकेची मदत दहा वर्षांनी थांबणार, मग पुढे काय, या विचाराने रमाबाईंनी केडगावला सुमारे शंभर एकर जमीन घेतली होती. फळबाग लावावी आणि तिच्या उत्पन्नावर सदन चालवावे, असा साधा व्यवहारी बेत होता. जमीन माळरानाची होती. विहिरी खणल्या, कलमे लावली.

१८९६ मध्ये लोणावळ्याला ख्रिस्ती मंडळींचा एक मेळावा भरला होता. रमाबाईंबरोबर तेव्हा ख्रिस्ती झालेल्या पंधरा मुली होत्या. या पंधरांचा वर्ग कर, म्हणजे दोनशे पंचवीस मुली आम्हाला दे, असे मागणे त्यांनी त्या मेळाव्यात देवापाशी केले. हाताशी पैसा नाही, जागा नाही, आणि मागायचे काय, तर आणखी खाणारी तोंडे!

त्याच साली मध्य प्रांतात भीषण दुष्काळ पडला. रमाबाई स्वतः तेथे गेल्या. मदतकेंद्रांतून हाडांचे सापळे झालेली पोरे आणि त्यांच्यावर टपून बसलेले दलाल त्यांनी पाहिले. आपलेच बालपण पुन्हा समोर उभे राहिले असणार. तिनशेच्या आसपास मुली आणि स्त्रिया घेऊन त्या परतल्या. पुण्यात तेव्हा प्लेगचा कहर होता. एवढी माणसे शहरात ठेवणे शक्यच नव्हते. म्हणून त्यांना केडगावच्या माळावर हलवले. तंबू आणि झोपड्या यांत संसार मांडला गेला. फळबागेसाठी घेतलेल्या जमिनीत असे एक गाव रुजले आणि त्याचे नाव पडले ‘मुक्ती’.

प्रार्थना करणारी बाई म्हणजे सोशिक बाई, असे कोणी समजू नये. १८९७ मध्ये पुण्याच्या प्लेग रुग्णालयातल्या बायकांच्या हालांविषयी रमाबाईंनी वृत्तपत्रात पत्र लिहून सरकारला उघड जाब विचारला. देवापुढे वाकणारी मान साहेबापुढे वाकली नाही.

१९०० च्या गुजरातेतल्या दुष्काळानंतर मुक्तीतल्या लेकी-बायांची संख्या दोन हजारांच्या आसपास गेली. दोन वेळची दोन हजार पाने! गृहिणींनी नुसता पिठाचा हिशेब मनात करून पाहावा. इंग्लंडातल्या ब्रिस्टल येथे जॉर्ज म्यूलर यांनी कोणापुढे हात न पसरता, केवळ प्रार्थनेवर भिस्त ठेवून हजारो अनाथ मुले सांभाळली होती. रमाबाईंवर त्या उदाहरणाचा मोठा प्रभाव होता. त्याच रीतीने त्याही चालल्या. पैसे संपले की घरातल्या सगळ्यांनी मिळून प्रार्थना करायची. देशोदेशीच्या लहानमोठ्या देणग्यांवर घर चालत राहिले.

घंटा, घाणा आणि छापखाना

देव देईल म्हणून हात जोडून बसायचे, असा मात्र येथला शिरस्ता नव्हता. मुक्तीत येणारी प्रत्येक मुलगी लिहायला-वाचायला शिके आणि एखादे काम हाती घेई. शेती, गाईगुरे, विणकाम, शिवण, तेलाचा घाणा, स्वयंपाकघर हे सारे बायकाच चालवत. अंध मुलींना ब्रेल लिपी शिकवली जाई. फसवल्या गेलेल्या स्त्रियांसाठी ‘कृपा सदन’ होते, वृद्धांसाठी ‘प्रीती सदन’ होते. लंडनच्या आश्रयगृहात पाहिलेले दृश्य भीमथडीच्या माळावर असे मराठी रूप घेऊन अवतरले.

मुक्तीच्या नियतकालिकाचे नावही ‘मुक्ती प्रेअर बेल’, म्हणजे प्रार्थनेची घंटा. नाव अगदी नेमके होते. १९०५ च्या आरंभी काही मुली रोज एकत्र येऊन प्रार्थना करू लागल्या. सुरुवातीला त्या सत्तरच्या आसपास होत्या, काही महिन्यांत पाचशेच्या वर गेल्या. जूनच्या अखेरीस या प्रार्थनेला असे काही उधाण आले की शेकडो मुली एकाच वेळी मोठ्याने प्रार्थना करू लागल्या. कोणी रडत होत्या, कोणी आपल्या चुका कबूल करत होत्या, कोणी आनंदाने गात होत्या. जगभरच्या ख्रिस्ती इतिहासकारांनी ‘मुक्तीचे पुनरुज्जीवन’ म्हणून त्याची नोंद केली आहे. शिस्तीच्या उपासनेची सवय असलेल्या काही मिशनऱ्यांना हा गलबला पसंत पडला नाही. रमाबाईंनी मात्र मुलींना गप्प केले नाही. ज्यांना जन्मभर ‘तोंड मिटून बस’ एवढेच ऐकवले गेले होते, त्यांना देवापुढे तरी मोठ्याने बोलू द्यावे, असे त्यांना वाटले असेल काय?

मुक्तीचा छापखानाही बायकांनीच चालवला. खिळे जुळवण्यापासून बांधणीपर्यंत सगळे त्यांच्या हातचे. या छापखान्यातून रमाबाईंचे सर्वांत मोठे काम बाहेर पडले. ते म्हणजे बायबलचे मराठी भाषांतर. आधीची भाषांतरे संस्कृतप्रचुर होती आणि खेड्यातल्या बाईला ती पेलत नव्हती. म्हणून रमाबाई पन्नाशीच्या उंबरठ्यावर हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि स्वतः भाषांतराला बसल्या. संस्कृतावरील प्रभुत्वासाठी जिला सरस्वती म्हणून गौरवले, तिनेच संस्कृत शब्द वेचून बाजूला काढावेत आणि चुलीपुढच्या बाईला कळेल अशी मराठी लिहावी, हे भाषेच्या इतिहासातले एक आगळे उदाहरण आहे. प्रार्थना आपल्या बोलीत करता आली पाहिजे, हा वाँटेजमधल्या त्या क्रुसाच्या वादाचाच पुढचा टप्पा होता.

न मिळालेले मागणे

रमाबाईंच्या श्रद्धेची खरी कसोटी दुष्काळात लागली नाही. ती अखेरच्या वर्षात लागली. मनोरमा हा त्यांचा उजवा हात. शिकलेली, कामसू, आईनंतर मुक्तीचा भार उचलणार हे ठरलेले. गुलबर्ग्याची शाळाही तिनेच उभी केली. २४ जुलै १९२१ रोजी, चाळिशीतच ती वारली. दोन हजार लेकींच्या या आईची पोटची एकुलती एक लेक गेली.

तिच्यासाठी मुक्तीत प्रार्थना झाल्या नसतील असे कोण म्हणेल? मग त्यांचे काय झाले? आई-वडिलांच्या मृत्यूच्या वेळी मनात रुतलेला तोच प्रश्न पुन्हा दारात उभा होता. फरक एवढाच, की या वेळी रमाबाईंनी उत्तर मागितले नाही. त्या भाषांतराच्या मुद्रितांकडे वळल्या. स्वतःला ऐकू येणे कमी झाले होते, शरीर थकले होते. काम पुरे करण्यासाठी दहा दिवसांची मुदत त्यांनी देवाकडे मागितली, मुद्रिते तपासून झाली आणि त्यांनी डोळे मिटले, अशी आठवण सांगितली जाते. ५ एप्रिल १९२२ हा तो दिवस. संपूर्ण बायबल छापून बाहेर आले ते १९२४ मध्ये. त्याची प्रत रमाबाईंना पाहायला मिळाली नाही.

प्रार्थना म्हणजे मागितले की मिळण्याचा हमखास उपाय, अशी समजूत असणाऱ्यांना ही कथा गोंधळात टाकील. पंधराच्या वर्गापेक्षाही जास्त मुली मिळाल्या, पण स्वतःची मुलगी राहिली नाही. ख्रिस्ती भाविक अशा वेळी गेथशेमाने बागेतल्या येशूकडे बोट दाखवतो. दुःखाचा प्याला टळावा असे मागून, शेवटी माझे नको, तुझ्या मनासारखे होवो, असे म्हणणारी ती प्रार्थना. तिने प्याला टळला नाही. तो पिण्याचे बळ मात्र मिळाले. संकटातून सुटका हे प्रार्थनेचे एक फळ झाले. संकटातही हातातले काम न टाकणे हे दुसरे, आणि कदाचित अधिक दुर्मीळ.

आज केडगावला जाताना

भारत सरकारने १९८९ मध्ये रमाबाईंच्या नावे टपाल तिकीट काढले. त्यांची संस्था ‘पंडिता रमाबाई मुक्ती मिशन’ या नावाने आजही काम करते आहे. निराधार स्त्रिया आणि मुलांची घरे, शाळा, रुग्णालय असा तिचा पसारा आहे. क्रुसाच्या आकाराचे विस्तीर्ण चर्च याच आवारात आहे. एवढ्याशा गावात एवढे मोठे प्रार्थनामंदिर कशाला, असे पाहणाऱ्याला वाटते, पण दोन हजार जणींचे कुटुंब डोळ्यांपुढे आणले की कोडे सुटते. रमाबाईंची विश्रांतीची जागाही येथेच आहे.

जाणाऱ्यांनी एवढे मात्र लक्षात ठेवावे की हे पर्यटनस्थळ नाही. ते अनेक स्त्रियांचे आणि मुलांचे राहते घर आहे. आधी परवानगी घ्यावी, विचारल्याशिवाय छायाचित्रे काढू नयेत आणि कोणालाही त्याची कर्मकहाणी विचारू नये. पुण्याहून एका दिवसात जाऊन येता येते. वेळ असेल तर बेटावरच्या दत्तमंदिरातही जाऊन यावे. वाटेत यवतजवळच्या डोंगरावर भुलेश्वराचे प्राचीन, कोरीव देऊळ आहे, तेही चुकवू नये.

पुण्यातल्या सदनात एका उघड्या दारावरून केवढे वादळ उठले होते! मुक्तीचे दार मात्र कधी कोणाची जात विचारून उघडले नाही. दुष्काळाने, प्लेगने, रूढीने किंवा घरच्यांनीच ज्यांना बाहेर काढले, त्या सगळ्या या दारातून आत आल्या. ख्रिस्ती नसलेल्या वाचकालाही येथून नेण्यासारखे काही आहे. स्वतःसाठी मागणारे पुष्कळ असतात. आणखी दोनशे पंचवीस तोंडे पोसायला दे, असे मागणारी एखादीच असते.